सम तारखेची बाजू

अमडापूरच्या आमच्या गल्लीत गाड्या लावायचे दोन नियम आहेत आणि दोन्ही माझेच. विहारातल्या बैठकीत मी सतरंजीवर हात आपटून बोललो होतो, "सम तारखेले गाड्या डाव्या बाजूनं, विषमले उजव्या. अन् उभ्या गाडीचं इंजीन कोणी चालू ठेवायचं नाही! धुरानं केसरबाईंचा दमा वाढून राह्यला." माझा रोख गल्लीतल्या रवीच्या मालवाहू गाडीवर होता. टाळ्या पडल्या. मास्तरकीत टाळ्या कुठे मिळतात? मी हुरळलो.

घरी आल्यावर बायकोनं, महामायेनं, विचारलं, "पण रोज सकाळी गाडी चालू करून पेपर कोन वाचते?"

मीच. मला गाडी चालवता येत नाही. मुलानं दारात आणून लावलेली गाडी, बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सुरू करायचो आणि पेपर संपेपर्यंत तशीच ठेवायचो. केसरबाईंची खिडकी बरोबर तिच्या मागे.

आता स्वतःचाच नियम मोडायचा कसा? इंजीन बंद राहिलं, बॅटरी उतरली, आणि तारीख मात्र रोज बदलते. त्यामुळे रोज सकाळी रवी आणि शेजारी माझी गाडी या बाजूहून त्या बाजूला ढकलतात. मी स्टिअरिंग धरून आत रुबाबात बसतो.

आज माणसं कमी होती म्हणून केसरबाईंनीही हात लावला. तरी गाडी हलेना. मी आतूनच ओरडलो, "रवी, जोर लाव ना बे!"

केसरबाई धापा टाकत गाडीच्या खिडकीशी आल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ब्रेकवरचा पाय तं काढा."