पडत्या भावातला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पडदा ऐसपैस, बाकी सगळा कारभार साधा. बटण दाबलं की चित्र दिसतं, आवाज येतो. एवढंच मला जमतं, आणि तेवढं मी आयुष्यभर इमानाने केलं.

कारखान्यातून निघालो तो एका लॉजच्या बैठकीतल्या भिंतीवर चढलो. तेव्हा माझा काय थाट होता! जिना चढून आलेला पाहुणा आधी माझ्याकडे बघायचा, मग खोलीचं भाडं विचारायचा. मॅनेजर मला कुणाला हात लावू देत नसे. अपवाद फक्त मावशींचा.

मावशी लॉजची झाडलोट करायच्या. रोज सकाळी स्टुलावर चढून मला पुसायच्या. आधी कोरडं फडकं, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. माझा ओरखडा न् ओरखडा त्यांना पाठ होता. पण नऊ वर्षांत माझ्यासमोर बसून त्यांनी एकही कार्यक्रम पाहिला नाही. कामवाल्यांना सोफ्यावर बसायची मुभाच नव्हती.

एका दुपारी माझा रिमोट हरवला. मॅनेजरने ना सोफा हलवला, ना गाद्या उचलल्या. पाच-सहा पाहुण्यांच्या देखत तो म्हणाला, "मावशी, पिशवी रिकामी करा."

"साहेब, रिमोट नेऊन मी काय करू? माझ्या घरी टीव्हीच नाही."

"म्हणूनच तर!" एक पाहुणा म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले.

पिशवी टेबलावर उलटी झाली. डबा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट, विरलेले मोजे. रिमोट नव्हता. तरी मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

मावशींनी एकेक वस्तू उचलली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. जाताना त्यांनी मॅनेजरकडे असं काही पाहिलं, की त्याच्या जागी मी असतो तर तडकलोच असतो.

दुसऱ्या दिवशी रिमोट सोफ्याच्या गादीखाली सापडला. मॅनेजरने इकडेतिकडे बघितलं आणि तो गुपचूप खणात टाकला. मित्रांनो, माझ्या पोटात जगभरचे आवाज, पण स्वतःचा एक शब्द नाही!

पुढे मला कुणी पुसलं नाही. पडद्यावर धूळ आणि लॉजवर अवकळा, दोन्ही बरोबरच आल्या. दोन वर्षांत मालकाने लॉज बंद करायचं ठरवलं आणि सगळं सामान विक्रीला काढलं. गर्दी जमली. त्या गर्दीतून इस्त्रीचे कपडे घातलेल्या मावशी तडक माझ्यासमोर आल्या. मागे त्यांचे टेम्पो चालवणारे यजमान.

"केवढ्याला?"

"नऊ हजार," मॅनेजर म्हणाला. मग त्याने मान वर केली. "मावशी, तुम्ही?"

"गिऱ्हाईक म्हणा. डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे. मागच्या झाकणाचे दोन स्क्रू गेलेत. उजवा स्पीकर खरखरतो. अजून सांगू?"

त्या मुद्दाम खणखणीत आवाजात बोलत होत्या. माझ्याभोवती घुटमळणारी दुसरी गिऱ्हाइकं पाय काढू लागली. भाव सातवर आला, पाचवर आला, चारवर अडला. चारचौघांत माझी लक्तरं निघत होती, पण मला उकळ्या फुटत होत्या.

"रिमोट आहे?" मावशींनी विचारलं.

मॅनेजरने खण उघडला.

"कुठे सापडला?"

"गादीखाली." तो खणातच बघत म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्याच दिवशी! आणि माझं घर इथून पंधरा मिनिटांवर."

"झालं गेलं विसरा आता, मावशी."

"तीन हजार."

"अहो, चार ठरले ना?"

"ते रिमोटचं कळायच्या आधी."

मालकाला घाई होती. "देऊन टाक रे!" तो लांबूनच ओरडला.

"आधी पुसून द्या," मावशी म्हणाल्या.

मॅनेजर बाहीने पुसायला लागला.

"तसं नाही. आधी कोरडं, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. स्टूल तिकडे आहे."

सगळ्यांच्या देखत तो स्टुलावर चढला. मावशी सोफ्यावर ऐसपैस बसल्या आणि तो कार्यक्रम त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

टेम्पोत यजमानांनी विचारलं, "झाला का गं राग शांत?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "पण टीव्ही स्वस्तात पडला."

आता मी त्यांच्या घरी आहे. संध्याकाळी मावशी पाय पसरून माझ्यासमोर बसतात, पण फडकं हातात घेत नाहीत. "धूळ बसली गं," असं यजमान म्हणाले, की त्या जागच्या हलतसुद्धा नाहीत. "मग पुसा की!" मग यजमान पुसतात. पट्टे उमटतात, पण चालायचंच.

मित्रांनो, वस्तू जपा, आणि वस्तू पुसणाऱ्या माणसाला त्याहून जपा. आमचे ओरखडे त्याला पाठ असतात. तुमचेही असतात. सांभाळून राहा.