तात्पुरता आवाज

ब्रह्मदेवाच्या कॉलरला लावलेला माइक कानसेनने काढला आणि पुन्हा बोटभर खाली लावला. शर्टाचं कापड घासत होतं, आणि ती खसखस माफीच्या व्हिडिओत चालणार नव्हती.

"पुरे की आता," ब्रह्मदेव म्हणाला. "माफीच मागायचीय. थोडी खसखस असली तर उलट खरी वाटेल."

ब्रह्मदेव म्हणजे कंपनीचा मालक आणि 'अथांग' या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा कर्ता. हे नाव त्याला ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं, अर्थातच पाठीमागे. सात राज्यं, शेकडो गावं, गावागावांत आपापलं आयुष्य जगणारी माणसं, जादू, राक्षस, आणि नजर पोचेल त्या डोंगरावर चढून जायची मोकळीक, असं सगळं तो वर्षानुवर्षं मुलाखतींतून सांगत आला होता. लोकांनी विश्वास ठेवला. ऑफिसातल्यांनी तर जास्तच ठेवला, कारण त्यांची उमेदीची वर्षं त्यात जात होती. मग खेळ बाजारात आला. घोडे छपरांवर जाऊन बसू लागले. दुकानदार डोक्याला आग लागलेली असताना शांतपणे तलवारींचे भाव सांगू लागले. आणि सातांपैकी उत्तरेची तीन राज्यं तर नव्हतीच. 'नाव अथांग आणि पाणी घोट्याएवढं', असं कुणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं.

"बस इथे, माझ्या शेजारी," ब्रह्मदेव म्हणाला. "आवाजाचं तू बोल. ध्वनिप्रमुख तू आहेस."

"आवाजाचं काय बोलू?"

"म्हाताऱ्याचं."

कानसेनने माइकची वायर उगाचच सरळ केली.

उत्तरेची राज्यं होत नाहीत हे कळलं, तेव्हा त्या बाजूच्या सगळ्या नद्यांवरचे पूल मोडून ठेवायचं ठरलं होतं. प्रत्येक मोडक्या पुलाशी एक म्हातारा उभा केला. खेळणारा जवळ आला की म्हातारा म्हणे, "पुढे पूल तुटलाय. माघारी फिरा." कुठल्याही नदीवर जा, तोच म्हातारा, तोच आवाज. लोकांनी एवढे पैसे मोजून घेतलेल्या जगातून हा माणूस त्यांना हाकलत होता, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर निघाला. त्याला नदीत ढकललं, पेटवलं, घोड्यांखाली तुडवलं. तो जळत्या अंगाने उठे आणि पुन्हा तेच म्हणे. त्याचे व्हिडिओ निघाले. त्या वाक्याला चाल लावून कुणीतरी गाणंही केलं.

"पण लोकांचा राग राज्यं नाहीत म्हणून आहे," कानसेन म्हणाला.

"राज्यं पंधरा दिवसांत होतील?"

"नाही."

"आवाज बदलून होईल?"

"होईल."

"मग चूक आवाजाची. जे दुरुस्त करता येतं तेवढंच चुकलं म्हणायचं असतं, बाबा रे. नाहीतर महिन्याभरात इथे कुलूप, आणि तू नि मी घरी." मग काहीतरी आठवल्यासारखं तो म्हणाला, "कोण होता रे तो? त्याला वाईटबिईट नाही ना वाटायचं?"

"नाही," कानसेन म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. ब्रह्मदेव दाटल्या गळ्याने बोलला. तो त्यात पटाईत होता. मग त्याने शेजारी पाहिलं. कानसेनने घसा साफ केला. "पुलावरच्या म्हाताऱ्याचा आवाज तात्पुरता होता," तो म्हणाला. "एका हौशी माणसाचा. असा कच्चा आवाज खेळात राहायलाच नको होता. त्यामुळे सगळ्या अनुभवाचा विचका झाला. आम्ही तो काढून टाकतो आहोत." एका दमात झालं. दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही.

जिन्यात त्याला नकाशेवाली भेटली. उत्तरेची तिन्ही राज्यं तिने काढली होती, नद्यांची वळणंसुद्धा. आता ती कागदावरच होती.

"बरं झालं म्हाताऱ्यावर ढकललंत," ती म्हणाली. "माझ्या उत्तरेचं आता कुणी नावसुद्धा काढणार नाही." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "पण खरं सांगू? त्या अख्ख्या खेळात तेवढा एकच माणूस माणसासारखा बोलतो. कुणाचा आवाज आहे हो?"

"आहे एक ओळखीचा," कानसेन म्हणाला.

आवाज त्याच्या वडिलांचा होता.

या धंद्यात खरे नट उशिरा येतात. तोपर्यंत पात्रांचे ओठ हलवणाऱ्यांना काहीतरी बोलणं लागतं, म्हणून ऑफिसातलीच माणसं धरून आणून आवाज भरून घेतात. हिशेबाच्या बाई राणी झाल्या होत्या आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस राक्षसांचा राजा. हे सगळं पुढे पुसायचंच असतं. म्हातारा मात्र मिळेना, कारण ऑफिसात सगळे पोरगेलेसे. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी कानसेनने बाबांना नेलं. बाबांची उभी नोकरी पाणीखात्याच्या खिडकीमागे गेलेली, लोकांना 'आज नाही, उद्या या' सांगण्यात. माणसं परत पाठवायचा सराव दांडगा होता. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, नाक चोंदलेलं होतं, आणि माइकपुढे बसल्याबसल्या त्यांनी विचारलं होतं, "हा म्हातारा कुठल्या गावचा? पूल पडला तेव्हा याचं कुणी गेलं का रे?"

"नुसतं वाक्य म्हणा, बाबा. जास्त काही नको."

बाबांनी म्हटलं. हे तात्पुरतं आहे, हे सांगायचं कानसेनच्या मनात होतं, पण घरी येईपर्यंत बाबांनी सुनेला फोन करून बातमी दिलेली होती. मग राहूनच गेलं. पुढे कंपनीची चणचण सुरू झाली, म्हाताऱ्यासाठी नट घ्यायचं रद्द झालं आणि आवाज तसाच राहिला. कानसेनला तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं. खोटं न बोलताही सुटलो, असं.

खेळ आला आणि बाबा सलूनमध्ये प्रसिद्ध झाले. दाढीला गेले की तिथली मंडळी म्हणत, "काका, होऊन जाऊ द्या." बाबा फेसाळलेल्या तोंडाने आरशात बघून म्हणत, "पुढे पूल तुटलाय. माघारी फिरा." हशा पिकत असे. बाबांना वाटे, दाद मिळते आहे. एकदा सून बरोबर होती. तिने तो हशा ऐकला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "ते कशाला हसतात, हे तुम्ही बाबांना सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत."

"सांगतो," कानसेन म्हणाला होता. आज, उद्या करत तेही राहिलं.

माफीचा व्हिडिओ आला त्या आठवड्यात नवा नट आला. भारदस्त गळ्याचा, तासावर पैसे घेणारा. बसल्याबसल्या त्यानेही विचारलं, म्हातारा कुठला, एकटाच का उभा असतो. कानसेनने त्याला सगळं समजावून सांगितलं: गाव, नदी, वाहून गेलेला मुलगा. त्यातलं काहीच कधी लिहिलेलं नव्हतं, त्याने बसल्या जागी रचलं. नटाने मान डोलावली आणि वाक्य फार सुंदर म्हटलं. मग कानसेनने बाबांच्या आवाजाच्या फाइली एकेक करून पुसल्या. सर्दीमुळे 'पुढे'च्या आधी एक बारीकसा श्वास अडकत असे, तो पुसण्याआधी त्याने हेडफोन काढून ठेवला.

संध्याकाळी घरी आला तर बायको दारातच हळू आवाजात म्हणाली, "बाबा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलंत का काही?"

"नाही."

"मग तर झालंच."

जेवायला तिघं बसले. बाबांनी आमटीत चमचा फिरवला आणि तसाच ठेवला.

"तुझा व्हिडिओ पाहिला," ते म्हणाले. "सलूनमध्ये लावला होता त्यांनी. चांगला दिसत होतास. जरा वाळलायस."

कानसेनचा हात ताटातच थांबला. बायकोने पाण्याचा तांब्या उचलला होता, तो तिने आवाज न करता खाली ठेवला.

"बाबा, ते..."

"थांब, मला बोलू दे. दोन दिवस जुळवतोय मी." बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या दिवशी मला सर्दी होती. मी तुला सांगायला हवं होतं, की आज नको, आवाज बसलाय. पण तू कधी नव्हे ते ऑफिसात ये म्हणालास. म्हटलं, नाही कशाला म्हणा. हौस, दुसरं काय." ते जरा हसले. "आता एवढ्या लोकांचं एवढ्या वर्षांचं काम माझ्यापायी मातीत गेलं. मी त्या तुझ्या मालकाची माफी मागायला येऊ का?"

"नको," कानसेन पटकन म्हणाला. "तसं काही नको."

"तुझ्या नोकरीवर तर नाही ना आलं माझ्यामुळे?"

"नाही. नोकरी राहिली."

हे खरं होतं. ती कशामुळे राहिली, हेही त्याला माहीत होतं. समोर बायको ताटाकडे बघत बसली होती. ती वाट बघते आहे हे त्याला न बघताही कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तुमचा काही संबंध नाही, आम्ही जगच अर्धं केलं होतं. पण त्याच्यामागोमाग बाबांनी विचारलं असतं, 'मग तू तसं का म्हणालास?' त्यांच्या खिडकीशी उभ्या आयुष्यात हजारो माणसं येऊन गेली होती. कोण खरं बोलतंय ते त्यांना कळत असे. त्या प्रश्नाला कानसेनकडे उत्तर होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"रागावला नाहीस ना तू?" बाबांनी विचारलं.

कानसेनने वर पाहिलं. बाबा खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहावं तसे बसले होते, हात मांडीवर, मान थोडी पुढे.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "होतं असं. नवख्या माणसाकडून होतंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले.

"मोठ्या मनाचा आहेस," ते म्हणाले. "आईवर गेलायस. तुझ्या जागी मी असतो ना, तर चांगलं खडसावलं असतं बापाला." मग सुनेकडे वळून, संकोचत म्हणाले, "थोडा भात वाढ गं. भूक लागलीय."

तिने त्यांना भात वाढला, वर आमटी घातली. नवऱ्याचं ताट रिकामं होतं. त्याला तिने विचारलं नाही.