रेडिओने हात सोडला

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती डोळे उघडताच सुरू व्हायची आणि झोप लागली की मगच बंद पडायची. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिचा आवाज दोन खोल्यांत मावेनासा झाला होता. आई म्हणायची, "हिला देवाने बटणच बसवलं नाही."

बाबा रंगारी. वीस वर्षं मान वर करून छतं रंगवली, आणि त्यांच्या उजव्या खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा, झिजत झिजत गेली. एक दिवस रंगाची बादली उचलताना ती हाडापासून सुटलीच. ऑपरेशन करावं लागलं.

डॉक्टरबाईंनी ते बाबांच्याच भाषेत समजावलं होतं. "जुन्या भिंतीला पुट्टी भरताना तुम्ही आधी काय करता?"

"घासून खरखरीत करतो. गुळगुळीत भिंतीवर काही धरत नाही."

"मीही तेच केलंय. चार बारीक छिद्रं पाडली, एकातून कॅमेरा घातला. हाड खरवडलं, त्यात छोटे स्क्रू बसवले, त्यांचे धागे कंडरेतून ओवून चार टाक्यांनी ती हाडावर दाबून बांधली. पण धागा नुसता धरून ठेवतो. चिकटायचं काम हाडाचं, आणि त्याला वेळ लागतो. पुट्टी ओली असताना कुणी भिंतीला हात लावला तर?"

"त्याचा हात मोडीन," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने रेडिओ.

नियम एकच होता. सहा आठवडे हात झोळीत, आणि स्वतःच्या ताकदीने तो उचलायचा नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी तो हळूच वर न्यायचा, हळूच खाली आणायचा. बाबांनी फक्त सैल पडून राहायचं. ते दुसरं कुणीतरी व्हायचा मान रेडिओने भांडून मिळवला. बाबा सतरंजीवर आडवे व्हायचे, ती एक हात कोपराखाली, एक मनगटाखाली घालायची, आणि वर्गातल्या भानगडींपासून गणिताच्या सरांच्या विगपर्यंत तोंडाची टकळी सुरू. ऐकता ऐकता बाबांचा हात ओल्या टॉवेलसारखा सैल आणि जड व्हायचा.

चोविसाव्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. रेडिओने खुर्चीचा मोडका पाय, लाकडी गोळा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन खांदा बनवला, आणि शेजारच्या बाकावर खरा खांदा आणून बसवला. इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मी मॉडेल नंबर दोन."

परीक्षक चष्मा कपाळावर ठेवून आले. रेडिओने झोळी सोडली, दोन्ही हातांनी बाबांचा हात अलगद खांद्याइतका वर नेला. तोंड सुरूच होतं. सगळं झकास चाललं होतं.

"म्हणजे अजून ते स्वतः हात उचलू शकत नाहीत?" परीक्षकांनी विचारलं. "मग एवढ्या ऑपरेशनने साधलं काय?"

मागे वर्गातल्या दोघी फिसकन हसल्या. 'सर, चोवीसच दिवस झालेत' हे उत्तर रेडिओच्या जिभेवर होतं. पण कानशिलं तापली. ती गप्प झाली, आणि तिने आपले दोन्ही हात काढून घेतले.

बाबांचा हात तिथेच राहिला. एक, दोन, तीन. टाळ्या वाजल्या. मग बाबांनी डाव्या हाताने उजवा धरून खाली घेतला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"दुखलं?"

"नाही गं. बक्षीस कधी सांगणार आहेत?"

दुसरा नंबर आला. ढाल मिळाली.

त्या संध्याकाळपासून तो हात सैल पडेना. रेडिओने उचलला की आखडायचा, बाबांच्या कपाळावर घाम यायचा. तिला सगळं समजत होतं. ती आणखी मोठ्याने सरांच्या विगबद्दल बोलायची.

दहा दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरबाईंनी खांद्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडद्यावर एका जागी थांबल्या. "चारातला एक टाका कंडरेतून ओढून निघालाय. पडलात का? हात स्वतःहून उचललात?"

"छे. काहीच नाही." बाबा समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. उत्तर द्यायचं नसलं की ते भिंती तपासत. "इथे ओल आहे हो, डॉक्टरबाई. पोपडे धरणार."

"काहीच न होता टाका निघाला असेल, तर कंडराच कमकुवत आहे. उरलेले तीनही एकेक करून निघतील. मग थांबण्यात अर्थ नाही. पुन्हा उघडून वरून ठिगळ लावावं लागेल, आणि छताचं काम कायमचं विसरायचं."

बाबा अजून ओलच बघत होते. रेडिओ चारशे मुलांसमोर न अडखळता बोलली होती. आता तीन शब्दांसाठी तिला टेबलाची कड धरावी लागली.

"मी हात सोडला," ती म्हणाली.

"काय?"

"प्रदर्शनात. मी धरला होता. वरच सोडला."

"पोर आहे," बाबा घाईने म्हणाले. "चुकून निसटला."

"चुकून नाही. मला नियम माहीत होता."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी यंत्र हळूच खाली ठेवलं. रेडिओला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"दहा दिवस हे कुणालाच सांगावंसं वाटलं नाही?" त्या म्हणाल्या, दोघांनाही. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. "जोर पडून निघालाय, तर कंडरा धड असण्याची आशा आहे. थांबून बघू. दोन आठवडे अजिबात हालचाल नाही, मग पहिल्यापासून सगळं. छताचं मी आत्ता हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही."

घरी आल्यावर रेडिओने ढाल रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे सरकवली. दोन आठवडे ती कामापुरतं बोलली. "बटण सापडलं वाटतं," आई एकदा म्हणाली, पण कुणी हसलं नाही, आईसुद्धा नाही.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी बाबा सतरंजीवर आडवे झाले. आई हात पुसत आली.

"तू नको," बाबा म्हणाले. "रेडिओला पाठव."

"आईच करू दे," रेडिओ दारातूनच म्हणाली.

"ये म्हटलं ना."

ती गुडघ्यांवर बसली. एक हात कोपराखाली, एक मनगटाखाली. वीतभर उचलला. हात लाकडासारखा ताठ होता. ती मान खाली घालून मनातल्या मनात आकडे मोजत राहिली.

"बोल की काहीतरी," बाबा म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. तू गप्प झालीस की मला वाटतं, आता सोडतेस."

रेडिओच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता, आणि तो मोकळा करायचा नव्हता. "सरांचा विग," तिने सुरुवात केली. आवाज फाटला. "आज फळ्याला अडकला."

"मग?"

मग तिने सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या हातांवरचं वजन थोडं, अगदी थोडं, वाढलं.