तांबड्या मातीवरचा ठसा

फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीत यंदा आमचे सहा ब्रिटिश खेळाडू उतरले होते. शुक्रवार उजाडेपर्यंत पाच जणांनी बॅगा भरल्या आणि उरली एकटी माझी नेरिस. मी तिची कोच, ग्लेनिस प्यू. तिच्याइतकीच वेल्सची, पण तिच्याइतकी सोशिक अजिबात नाही.

ही शेवटची पात्रता फेरी. जिंकली तर मुख्य स्पर्धेत, जगातल्या बड्या बड्या पोरींच्या रांगेत. हरली तर सप्टेंबरपासून आमच्या लानेल्ली गावच्या शाळेत खेळाची बाई. हे तिनंच ठरवलं होतं. या फेरीपर्यंत यायचं आणि इथेच आपटायचं, असं ती दरवर्षी करत आली होती. आता अठ्ठावीस वर्षांची झाली.

"एकदाच, ग्लेनिस," सकाळी बूट बांधताना ती म्हणाली. "एकदाच त्या यादीत नाव लागू दे. मग जन्मभर शाळेत शिट्टी फुंकीन, कुरकुर नाही करणार."

"आधी खांदे सैल सोड," मी म्हटलं.

समोर होती मिलाग्रोस फेरेरा, अर्जेंटिनाची. ती पोरगी मातीतच जन्मली असावी. चेंडू कुठेही टाका, ही घसरत येणार, पोचणार आणि वर चेंडू असा उंच उडवून देणार की नेरिसच्या कानाशी यावा. आमच्याकडे अर्धं वर्ष पावसाच्या भीतीनं छपराखाली, टणक जमिनीवर खेळायचं, महिनाभर गवताचं कौतुक करायचं आणि मग इथे येऊन विटांच्या भुकटीच्या या तांबड्या मातीवर पाय सावरत बसायचं. पहिला सेट मिलाग्रोसनं असा खिशात घातला की मी पाण्याची बाटली उघडायचीसुद्धा विसरले.

माझ्या शेजारी फर्गस बसला होता. स्कॉटलंडचा, कालच हरलेला, नाकावर उन्हानं साल निघालेली. हातात हातभर लांब चीज घातलेला पाव.

"कोच, तुमचा चेहरा पाहून ती घाबरेल," तो म्हणाला. "मिलाग्रोस नव्हे, आपली नेरिस."

"तू खा गुपचूप. काल चेंडूवर असा तुटून पडला असतास तर आज इथे बसला नसतास."

"पडलो होतो. चेंडू बाहेर गेला."

दुसऱ्या सेटला नेरिसनं डोकं चालवलं. मागे रेटत बसण्याऐवजी ती जाळ्याकडे धावायला लागली. हलके, आखूड चेंडू टाकून मिलाग्रोसला पुढे खेचायची आणि डोक्यावरून मागे टाकायची. मिलाग्रोसच्या नाकी नऊ आले. सेट आमचा! आजूबाजूच्या फ्रेंच मंडळींनासुद्धा आमची पोरगी आवडायला लागली होती. "आले, नेरिस!" म्हणजे त्यांच्या भाषेत "चल, नेरिस!" अशी आरोळी उठली आणि फर्गस पावासकट उभा राहिला.

तिसरा सेट सहा-सहा. आता टायब्रेक, आधी दहा गुण करेल त्याचा सामना, पण दोन गुणांनी पुढे हवं. माझा जीव टांगणीला. नऊ-आठ, नेरिस पुढे. एक गुण! फक्त एक!

मिलाग्रोसनं फोरहँड हाणला. चेंडू नेरिसच्या मागच्या रेषेपाशी पडला आणि रेषापंच ओरडला, "आउट!"

मी उडी मारली. फर्गसनं मला मिठी मारली, माझ्या खांद्यावर चीज. नेरिसनं दोन्ही हात वर केले. पलीकडे मिलाग्रोसनं मात्र बोट वर केलं आणि ठसा बघा म्हणून पंचांना खूण केली. मातीवर असंच असतं. चेंडूचा ठसा उठतो, वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरून तो बघतात आणि निकाल देतात. आणि पंचांनी बघायच्या आत ज्यानं ठसा पायानं पुसला, त्यानं तो गुण आपण होऊन सोडला. मातीत वाढलेल्या पोरांना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. आमच्या पोरांना रेषेचा निकाल यंत्राकडून ऐकायची सवय. एकदा आउट म्हटलं की आउट, विषय संपला.

नेरिसचा विषय संपला होता. पायाशी मातीत खळगा दिसला, म्हणून तिनं हसत हसत त्यावरून बूट फिरवला. अंगणातली माती सारखी करावी, तसा.

"नको!" मी किंचाळले. उशीर झाला होता.

पंच निम्म्या वाटेवर थांबले. खाली बघितलं, मग नेरिसकडे. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण नियम तो नियम. "नऊ-नऊ."

हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्या बुटानं घालवला! मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेल्श भाषेत बोलले म्हणून बरं, फक्त नेरिसलाच कळलं. तिचे कान लाल झाले. पंचांशी वाद घालावा? छे. ती चक्क त्यांना "सॉरी" म्हणाली.

"सॉरी कसलं म्हणतेस!" मी ओरडले. "खेळ आता! खेळ!"

पुढचा गुण मिलाग्रोसचा. दहा-नऊ. आता तिला एक हवा होता. मी डोळे मिटून घेतले. फर्गस मला ऐकवत होता, "सर्व्हिस आत... परत आली... नेरिस पुढे धावली... कोच, उघडा डोळे, उघडा!" मी उघडले तेव्हा नेरिस जाळ्यापाशी लांब आडवी झेपावली होती आणि चेंडू पलीकडे टपकून थंड पडला होता. दहा-दहा. उठली तेव्हा डाव्या अंगानं खांद्यापासून पायापर्यंत तांबडी. पुढच्या गुणाला मिलाग्रोसचा चेंडू जाळ्यात गेला. अकरा-दहा, पुन्हा आम्ही पुढे!

मग तो चेंडू. किती वेळ चालला देव जाणे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोघींच्या तोंडाला फेस. शेवटी नेरिसला उजव्या बाजूला फट दिसली आणि तिनं जीव ओतून सरळ रेषेलगत फोरहँड मारला. मिलाग्रोस धावली, रॅकेट पोचली नाही.

"आउट!"

सगळं मैदान हळहळलं. नेरिसनं मान खाली घातली आणि ती मागे वळली.

"ठसा विचार!" मी घसा फोडून ओरडले. "नेरिस, विचार की! विचारायला काय जातं?"

आमचं घोडं इथेच पेंड खातं. समोरच्याचा खोळंबा नको, पंचांना त्रास नको. त्यात मघाची फजिती ताजी. ती मान हलवत जागेवर चालली होती, रॅकेटच्या तारा सारख्या करत. मी विचारून उपयोग नाही, तिनंच विचारायला हवं. माझे डोळे भरून आले, रागानं का दुःखानं कोण जाणे.

मिलाग्रोस मात्र हलली नव्हती. रेषेपाशी उभी राहून खाली बघत होती. पंचांनी गुण पुकारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिनं उजवा बूट पुढे केला. ठशावरून फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा, नीट, सगळ्यांना दिसेल असा.

मग असा गलका उठला की मला पंचांचा आवाजच ऐकू आला नाही. फर्गस माझा दंड गदागदा हलवत होता. "कोच! दिला तिनं! दिला!"

आणि आमची नेरिस? ती पंचांच्या खुर्चीकडे धावली. जन्मात पहिल्यांदा तिनं पंचांशी हुज्जत घातली, तीही स्वतःच्या विजयावरून.

"नाही हो, आउट म्हणाले ना ते? एकदा नीट बघा ना तुम्ही."

"काय बघू?" पंच म्हणाले. "ठसा आहे कुठे? सामना तुमचा."

ती जाळ्यापाशी गेली तेव्हा मिलाग्रोस तिथे उभी होती, घामानं निथळत, डोळे लाल. मी एव्हाना कठड्यापर्यंत पोचले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मघाचा माझा चेंडू बाहेर होता," मिलाग्रोस म्हणाली. "ज्याचा ठसा तू पुसलास, तो. मला पलीकडूनही दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"जिंकायचं होतं," मिलाग्रोस म्हणाली. "तुझ्याइतकंच." आणि ती आमच्या पोरीच्या मातकट खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

नेरिसनं तिला घट्ट धरलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुख्य स्पर्धेत नाव लागलं होतं, फर्गस नाचत होता, आणि ती मात्र त्या पोरीची पाठ थोपटत राहिली, तिचं रडू थांबेपर्यंत.