चार बोटं उंची

मरून रंग दुःख धरून ठेवतो आणि लाल रंग ते सांडून टाकतो, ही गोष्ट प्रवीण उतेकरला हातातल्या तुकड्याकडे बघता बघता अगदी आतून उमगली. रेक्झिनचा तुकडा, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा, कडांना कातरीचे दात, अंगठ्याखाली थंड... अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना, रंगांबद्दल आपल्याला काहीतरी कळलं, या समाधानात त्यानं तो दुकानाबाहेरच्या उन्हाकडे धरला.

"सर, तो चॉकलेटी हाय," बुद्धरत्न म्हणाला. "मरून तुमच्या डाव्या हातात."

प्रवीणनं दोन्ही तुकडे खाली ठेवले.

बुद्धरत्न साळवीचं सीट-कव्हरांचं दुकान महाडच्या नाक्यावर, सर्व्हिस रोडला लागून होतं. ट्रकवाले, रिक्षावाले, नवी गाडी घेतलेले शिक्षक, सगळ्या तालुक्याची बसायची सोय तो बघायचा. प्रवीणला तो सर म्हणायचा, कारण तो कॉलेजात होता तेव्हा प्रवीणही तिथे होता. प्रवीण ग्रंथालयात कारकून होता, आणि त्यानं बुद्धरत्नला काही शिकवलं असेल तर ते एवढंच, की पुस्तक उशिरा आणलं की दंड पडतो. पण निवृत्तीनंतर कोणी सर म्हणत असेल तर त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत माणूस पडत नाही.

तीन दिवस तो रोज येत होता. आधी रंग. मग सीटच्या कडेला जो बारीक गोट शिवतात त्याचा रंग. मग पायाखालचं मॅटिंग. मग डॅशबोर्डच्या लाकडाला चकाकी हवी की नुसतं तेल. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच होतं, उद्या सांगतो. घरी जाऊन तो आरामखुर्चीत बसायचा आणि डोळे मिटून ती गाडी डोळ्यांसमोर आणायचा, आणि दर वेळी ती बाहेरूनच दिसायची. बुटकी, लांबट नाकाची, दोन माणसांची विलायती गाडी, कापडे गावातल्या घरासमोर फणसाखाली उभी. आतलं काही दिसायचं नाही. दिसणार कसं... मी कधी आत बसलोच नाही.

गाडी दादाची. दत्ताराम उतेकर, प्रवीणहून अकरा वर्षांनी मोठा, उभं आयुष्य मुंबईत एका गॅरेजात गाड्यांखाली झोपून काढलेला. एक शेठ देश सोडून गेला तेव्हा त्याची ही धूळ खात पडलेली गाडी दादाकडे राहिली. गणपतीला दादा तीच घेऊन यायचा आणि सगळा गाव तिच्याभोवती गोळा व्हायचा. पाच वर्षांपूर्वी तो कायमचा गावी आला, इंजिन उघडलं, पत्रा ठोकला, रंग स्वतःच्या हातानं मारला. आतलं तेवढं राहिलं. गेल्या भाद्रपदात तो वारला. दिवसकार्य झाल्यावर त्याची मुलगी अपेक्षा पुण्याला निघता निघता म्हणाली, "काका, बाबांची गाडी पुरी करून टाकू. आतलं तुम्ही बघाल?" ज्याला आपण हे सांगतो आहोत तो आपल्या बापाशी एकोणीस वर्षं बोलला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं कोण होतं? तिला काका एकच.

"वीस तारखेच्या आत सांगा काय ते," बुद्धरत्न म्हणाला. "वीस मार्चला मी तळ्यावर. आमचं पाणीवाटप असतं. चार दिवस दुकानाला कुलूप."

"सांगतो."

"आणि रंग र्‍हाऊ द्या बाजूला, आधी हे बघा." त्यानं पाय फाकवून गाडीची डावी सीट, ड्रायव्हरच्या शेजारची, उचलून टेबलावर घेतली. जुनं आवरण त्यानं सकाळीच उसवलं होतं. आत गंजलेल्या स्प्रिंगा, त्यांवर काथ्या, आणि काथ्यावर घडी करून चेपून बसवलेलं काहीतरी, मळकं, जाड. "उजवी सीट कंपनीची हाय तशी हाय. ही मात्र कुणीतरी चार बोटं उंच केलीय. घरच्या घरी, दाभणानं. गोधडी कोंबलीय आत." तो हसला. "कारागीर नाय, पण हात चांगला होता. कायतरी लहान माणूस बसवायचं असंल. काढून टाकू ना? दोन्ही सीटा लेव्हलला घेतो."

प्रवीणनं गोधडीची घडी बोटानं उचलून बघितली. कोपऱ्याला त्रिकोणी ठिगळ होतं. चारी कोपऱ्यांना असणार, कारण उंदीर कोपऱ्यापासून सुरुवात करतात असं आईचं ठाम मत होतं आणि तिनं आयुष्यात शिवलेल्या प्रत्येक गोधडीला ती आधी चार त्रिकोण शिवायची आणि मगच मधलं. उंदीर त्यानंतरही गोधड्या खायचे. मधून खायचे.

आई लहानखुरी होती. एसटीत बसली तर पाय लोंबकळायचे.

"सर, काढू?"

"थांब जरा."

तो बाहेर येऊन दुकानाच्या कट्ट्यावर बसला. समोरून वीर स्टेशनची माणसं भरलेल्या रिक्षा एकामागून एक गावात वळत होत्या. लहान माणूस... दादाची बायको उंच होती, अपेक्षाही तिच्यावरच गेलेली, बापाच्या खांद्याला खांदा भिडवणारी. लहान माणूस त्या घरात एकच होतं. म्हणजे दादानं आईला... पण मग ते दहावं? नदीवर जे झालं ते काय होतं?

ते काय होतं हे प्रवीणइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि एकोणीस वर्षं त्यानं ते स्वतःलाही सरळ सांगितलं नव्हतं. मे महिना, नदीला पाणी नावापुरतं, दगड तापलेले, आणि आईच्या पिंडाला कावळा शिवेना. झाडावर दोन बसले होते, खाली बघायचे, मान फिरवायचे. इच्छा राहिलीय काहीतरी, माणसं म्हणू लागली. मामा पुढे झाला, "बायो, तुझी म्हस मी बघीन." कावळ्यांना म्हशीत रस नव्हता. कुणी म्हणालं नातीचं लग्न नीट करू, कुणी म्हणालं देवीची ओटी भरू. तासभर झाला. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. अजून दोन मिनिटांत तो झाला असता, पिंडाला लावला असता, माणसं जेवायला गेली असती आणि दोन भाऊ एका पंगतीला बसले असते.

तेवढ्यात प्रवीण बोलला. "आईला दादाच्या गाडीत बसायचं होतं. ते राहिलं."

आई असं कधी म्हणाली नव्हती. ती म्हणायची, ती कसली गाडी, कढई आहे. गाडीत बसायचं होतं ते प्रवीणला. सत्तावीस वर्षांचा असल्यापासून बसायचं होतं. पहिल्या गणपतीला दादानं दार उघडून म्हटलं होतं, "बस रे पव्या, पोलादपूरपर्यंत जाऊन येऊ," आणि त्यानं म्हटलं होतं, मला काम आहे. दुसऱ्या वर्षीही काम होतं. तिसऱ्या वर्षी दादानं विचारलं नाही, आणि ते न विचारणं प्रवीणनं इतकं जपून ठेवलं की दहा वर्षांनी, आईच्या पिंडासमोर, ते असं आईच्या नावानं बाहेर पडलं. मी असं बोलायला नको होतं. पण बोललो तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं... अर्धा क्षण तरी.

तीस-चाळीस माणसांनी दादाकडे बघितलं. मुंबईची गाडी उडवतो आणि आईला... दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो प्रवीणकडे बघत होता, रागानं नव्हे. इंजिनात कुठून आवाज येतोय ते ऐकताना बघायचा तसा. मग त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "बसवीन गो आये. आता खा."

आणि कावळा उतरला.

नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या एका घरचं दहावं आटोपलं होतं आणि तिथला भात संपल्यामुळे कावळे वर सरकत होते, हे प्रवीणला उभ्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि नंतर कधी वेळ आली नाही. दादानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं मुंबईला गेला. त्यानंतर दोघे भाऊ अनेक लग्नांत भेटले, एकाच मांडवाच्या दोन टोकांना.

बुद्धरत्न चहा घेऊन बाहेर आला.

"ती शिलाई कधीची असेल?" प्रवीणनं विचारलं. "म्हणजे वीस वर्षांच्या आधीची की नंतरची?"

"दोऱ्यावर तारीख नसते, सर."

"तरी पण. बसून दबलेली वाटते का?"

"दाबून शिवलीय म्हणजे दबलेलीच. माणसानं दबली का दाभणानं, कसं सांगू?" त्यानं प्रवीणकडे निरखून बघितलं. "का वो?"

आणि प्रवीणनं, ज्यानं बायकोलाही हे सांगितलं नव्हतं, चहा निवेपर्यंत त्याला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की आईच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता आणि मग दादाविषयीच्या माझ्या एका शब्दावर शिवला.

"आमच्यात कावळ्याला इचारत नाय," बुद्धरत्न म्हणाला.

"मग कोणाला विचारता?"

"कुणालाच नाय. आमच्यात भांडणं जिवंतपणीच उरकून घेतात. मरेपर्यंत थांबायची सोयच नाय." मग, आपण जरा जास्त बोललो असं वाटून, "पण भाऊ काय म्हणाले त्यावर?"

"काही नाही. हो म्हणाला."

बुद्धरत्ननं ग्लास उचलले आणि आत गेला.

हो म्हणाला. तिथंच तर सगळं अडलं होतं. ही गोधडी आई असताना शिवली असेल तर आई त्या सीटवर बसली होती. पहिल्यांदा खोल गेली असेल, उठताना गुडघे धरले असतील... आणि म्हणून तर ती म्हणायची, कढई आहे, एकदा बसलं की उठता येत नाय. बसलं की! प्रवीण ते वाक्य शंभर वेळा लोकांना हसत सांगत आला होता आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे त्यानं कधी बघितलं नव्हतं. न बसलेल्या माणसाला उठायचं कसं कळणार? म्हणून दादानं सीट उंच केली. आणि मग नदीवर, सगळ्या गावासमोर, खोटं ऐकून घेतलं, आणि हात जोडले, कारण पिंड उन्हात पडला होता आणि धाकट्या भावाला चाळीस माणसांत खोटा पाडून काय मिळणार होतं.

नाहीतर ती नंतर शिवलेली होती. आई बाहेरून बघूनही कढई म्हणू शकत होती, तिला जीभ होती. मग दादानं कावळ्याला दिलेला शब्द पाळला होता. घरातली तिची गोधडी शोधली, घडी घातली, दाभण घेतलं, आणि जी बाई कधीच येणार नव्हती तिच्यासाठी चार बोटं उंची दिली, माझ्या मनानं तयार केलेल्या इच्छेसाठी. आणि त्यानंतर इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला, पण सीट उसवायला त्याचा हात गेला नाही, आणि आतलं राहिलं.

दोन्हींपैकी कमी वाईट कोणतं, हे प्रवीण बराच वेळ ठरवत होता, जसं गेले तीन दिवस तो गोटाचा रंग ठरवत होता. दोन्ही तुकडे उन्हात धरून बघितले तर सारखेच दिसत होते.

तो आत गेला. "ती सीट खाली ठेव."

बुद्धरत्ननं ती दुकानाच्या फरशीवर ठेवली, तोंड रस्त्याकडे करून. प्रवीणनं चप्पल काढली, का ते त्याला सांगता आलं नसतं, आणि कमरेला हात लावत त्या उसवलेल्या सीटवर बसला. स्प्रिंग कुरकुरली. चार बोटं म्हणजे किती, तर गुडघ्यांना नेमकी पुरेल एवढी. समोर सर्व्हिस रोड होता, त्यापलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आणि पाठीमागून कुणीतरी दार लावून घेईल, गाडी सुरू होईल, असं त्याच्या पाठीला वाटत राहिलं. त्यानं हलक्या आवाजात म्हटलं, "काम नाय मला." बुद्धरत्ननं ऐकलं असलं तरी तसं दाखवलं नाही, तो कातरीला धार लावत होता.

उंची राहू दे, हे त्याच्या ओठांवर होतं. पण राहू दिली तर ती कुणासाठी? अपेक्षा बसली तर तिचं डोकं वर लागणार. आणि काढली तर मग चारही कोपऱ्यांचे त्रिकोण मी कुठे ठेवणार, कपाटात, कुठल्या चिठ्ठीनिशी? आपलं आपण ठरवू नये, मुलीला विचारावं, असं वाटून त्यानं बसल्या बसल्या पुण्याला फोन लावला.

"अगं, ती डावी सीट जरा उंच आहे," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी केलेली. ती तशीच ठेवायची की..."

"काका, अहो बरं झालं तुम्ही फोन केलात, मी करणारच होते." मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. "गाडीला गिऱ्हाईक मिळालं. भोरच्या रस्त्यावर हॉटेल आहे त्यांचं. दारात ठेवणार आहेत, लोकांना फोटो काढायला. मला नाही हो इथे ठेवता येणार, पार्किंग एकच आहे." ती थांबली. "तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"नाही, नाही."

"सीटचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. बाहेरून नीट दिसलं म्हणजे झालं."

प्रवीणनं फोन खिशात ठेवला आणि उठायला गेला नाही. इतके दिवस छातीत काहीतरी सारखं इकडून तिकडे सरकत होतं, ते आता एका जागी बसलं होतं. हलकं झालं नव्हतं, नुसतं बसलं होतं, आणि ते तिथेच राहणार हे त्याला कळलं.

"काय म्हणाल्या ताई?" बुद्धरत्ननं विचारलं. "काढू की ठेवू?"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. अपेक्षाच होती, सांगायचं राहिलं म्हणून. पोरं आत चढून सीटा फाडतात, म्हणून हॉटेलवाले गाडीचे दोन्ही दरवाजे वेल्डिंग करून बंद करणार होते.