मोटारीची बाई सायकलवर

बाबांची कवळी त्यांच्या निरोप समारंभाला पावणेदोन तास उशिरा पोचली. तसं काही झालंच नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलंय. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच सांगतो.

बाबांनी बस डेपोत एकतीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. मंगळवारी चारला शेवटची गाडी पुकारायची आणि निवृत्त व्हायचं. सोमवारी कवळीचे दोन तुकडे झाले. दातांच्या लॅबने मंगळवारी तीनला जोडून देतो म्हटलं. लॅब घरामागेच: बोळ, अठरा पायऱ्या, लाँड्री, की लॅब. चालत चार मिनिटं.

पावती खिशात घालून भावोजी निघाले. त्यांनी मोटार विकली, पण तिचं जीपीएस ठेवून घेतलं आणि सायकलच्या हँडलला बांधलं. ते चालायला मोटारीची बॅटरी लागते, म्हणून कॅरिअरवर बॅटरी. त्या सायकलची मोटार व्हायला आता फक्त मोटारच कमी होती.

"अहो, मागेच तर आहे," ताई म्हणाली.

"रस्ता माहीत असणं वेगळं आणि मार्गदर्शन मिळणं वेगळं."

यंत्रातली बाई म्हणाली, "डावीकडे वळा." भावोजी वळले. ताईचं इतकं त्यांनी आठ वर्षांत ऐकलेलं नाही.

मोटारीच्या बाईला बोळ ठाऊक नाहीत आणि पायऱ्या तर तिच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. साडेतीनला भावोजींचा फोन आला.

"कुठे आहात?" ताईने विचारलं.

"उड्डाणपुलावर. लॅब दिसतेय, अगदी खाली."

"मग उतरा ना खाली!"

"ती म्हणते, अजून अकरा किलोमीटर."

ताईने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी पायऱ्या उतरून लॅबमध्ये धावलो. कारागिराने ट्रेमधल्या सहा कवळ्यांवर हात ठेवला. "पावतीशिवाय नाही. मागे एक आजोबा तीन दिवस दुसऱ्याच्या दातांनी जेवत होते."

पावती उड्डाणपुलावर सायकल ढकलत होती.

चार वाजले. हार घातलेल्या बाबांनी माइक हातात घेतला आणि शेवटची गाडी पुकारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच फलाटावरचं कोणी जागचं हललं नाही. ड्रायव्हरने बाबांना हात जोडले आणि आदरापोटी गाडी रिकामीच नेली.

पावणेसहाला भावोजी डेपोत शिरले, घामाने निथळत, कवळी छातीशी धरून. हँडलवरून बाई म्हणाली, "आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात."

बाबांनी कवळी बसवली. यंत्राकडे नीट पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हिलाच घ्या माझ्या जागेवर. दात लागत नाहीत."

भावोजींना हे लागलं. चूक यंत्राची नाही, वाहनाची आहे, असं त्यांचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाहन नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. त्याची प्रत ताईने फ्रिजवर चिकटवली आहे:

"सबब विनंती की, अर्जदाराच्या सायकलीस मंगळवार दुपारी तीनपासून पूर्वलक्षी प्रभावाने मोटार मानण्यात यावे, सदर प्रवासास लागलेला वेळ चार मिनिटे असा दुरुस्त करून मिळावा, आणि तशी लेखी समज अर्जदाराच्या सासऱ्यांस देण्यात यावी."