आटणारी बॉबिन

कडोदऱ्याच्या लूमवाल्याने चार पोती प्लास्टिकच्या बॉबिन परत पाठवल्या. एकही त्याच्या मागाच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांडीवर, बसत नव्हती. सगळ्यांची भोकं लहान.

भेस्तानच्या त्या छोट्या कारखान्यात मालक भूपेंद्रभाईंनी त्यातली एक अनुसयापुढे धरली. "अनुसयाबेन, भोकात गेजची सळई घालून ही पास तुम्हीच केलीत ना? सोमवारपासून पॅकिंगला बसा. तुमचं मशीन भटू चालवेल."

धुळ्याहून आली तेव्हा अनुसया पॅकिंगलाच होती. मशीनचा, साच्यात प्लास्टिक दाबणारा जड दांडा ओढायला ती जेवणाच्या सुट्टीत शिकली होती. ती म्हणाली, "भाई, प्रत्येक बॉबिनीत गेज सैल जात होता. भोक नंतर लहान झालं."

शेजारच्या मशीनवरचा भटू हसला. "बॉबिन आहे का सुती परकर? म्हणे नंतर आटली!"

"सोमवारपर्यंत मशीन माझंच आहे ना?" तिने विचारलं. "मग भोक कसं आटतं ते सोमवारीच दाखवते."

महिनाभरापासून काम लवकर उरकावं म्हणून सगळे बॉबिन गरम असतानाच साच्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकत. त्याच दिवशी, गुरुवारी, अनुसयाने तशा दहा बॉबिन काढल्या. आणखी दहा मात्र तिने साच्यातच चाळीस आकडे मोजेपर्यंत ठेवल्या, मग फळीवर आपोआप निवू दिल्या. सगळ्यांवर खुणा केल्या.

संध्याकाळी गेज लावला. बर्फाच्या पाण्यातल्या बॉबिनीत तो सहज गेला. फळीवरच्या बॉबिनीत घट्ट, जेमतेम गेला.

"वहिनी, तुमच्याच बिघडल्या की!" भटू म्हणाला. "आजच पॅकिंगला बसा."

अनुसयाचं तोंड उतरलं. साचे घासणाऱ्या दत्तूकाकांनी तिला जवळ बोलावलं. पूर्वी ते गावी रात्रीच्या शाळेत शिकवत.

"पोरी, प्लास्टिकच्या आत लांबच लांब साखळ्या असतात. वितळलेलं असताना त्या सुट्टीतल्या पोरांसारख्या कुठेही पळतात. थंड होताना त्यातल्या काही घड्या घालून रांगेत बसतात. रांगेत जागा कमी लागते, म्हणून वस्तू आटते."

"सगळ्याच बसतात?"

"नाही. काही तशाच गुंतलेल्या राहतात, म्हणून तर बॉबिन आपटली तरी फुटत नाही. आता सांग, पोरं रांगेकडे पळत असताना एकदम 'थांबा' म्हटलं तर?"

"जिथल्या तिथे उभी राहतील. रांगा अर्ध्याच होतील."

"आणि त्यांना रांगेतच बसायचं असेल, तर पुढे?"

अनुसयाच्या लक्षात आलं. "हळूहळू सरकत उरलेल्या रांगा लावतील. म्हणजे बर्फातली बॉबिन अजून आटतेय, काका!"

"असं मला वाटतं. खरं काय ते गेज सांगेल. घाई करू नको."

शनिवारी सकाळीच भूपेंद्रभाई बॉबिन बघायला आले. बर्फातल्या बॉबिनीत गेज अडखळत होता, पण जात होता.

"आ तो जाय छे!" ते म्हणाले. "मग ठरलं."

"नाही ठरलं, भाई." अनुसयाने बॉबिन त्यांच्या हातातून काढून घेतली. "सोमवार म्हटलं होतं. सोमवारीच हात लावायचा." आणि ती बॉबिनींच्या खोक्यात टाकून, वर झाकण ठेवून ती त्याला टेकून उभी राहिली.

सोमवारी तिने गेज त्यांच्याच हातात दिला. बर्फातल्या दहाही बॉबिनींच्या तोंडाशीच तो अडकला. फळीवरच्या दहामध्ये गुरुवारसारखाच गेला, घट्ट पण आरपार. भाईंनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"पण चाळीसपर्यंत मोजलं तर माल कमी निघेल."

"कमी निघेल. पण परत येणार नाही."

भाईंनी परत आलेल्या पोत्यांकडे पाहिलं. भटूने विचारलं, "आणि ही चार पोती?"

"दळा आणि पुन्हा वितळवा," अनुसया म्हणाली. "वितळलं की जुन्या रांगा मोडतात. यावेळी नीट बसू देऊ."

"अनुसयाबेन, मशीन तुम्हीच चालवा," भाई म्हणाले. "आणि भटूलाही शिकवा."

तिने साचा बंद केला, दांडा पूर्ण ओढला आणि भटूकडे पाहिलं.

"मोज. मोठ्याने."

"एक," भटू म्हणाला. "दोन..."

"सावकाश, भाऊ. कुठे पळायचंय?"